हिरवं पान आणि हलका पाय

आमच्या घरात गाडीतल्या इको मोडवरून, म्हणजे तेल वाचवायच्या सेटिंगवरून, दोन तट आहेत. नवरा गाडीत बसला की सीटबेल्टच्या आधी नॉब फिरवून इको लावतो. मीटरवर हिरवं पान उमटलं की त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं, आणि ते पान पुण्यापासून गारगोटीपर्यंत तसंच राहतं. घाट असो, पाऊस असो, मे महिना असो. सासरे, म्हणजे अण्णा, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्या मते हे पान म्हणजे शोरूमवाल्यांचा चाळा. "बटणानं तेल वाचत असतंय व्हय गं? पाय हलका ठेव की," एवढं बोलून ते खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागतात.

लांबच्या पल्ल्याला गाडी बहुतेक वेळा मीच चालवते, त्यामुळे निकाल द्यायची वेळ माझ्यावर येते. माझ्या मते दोघांचंही अर्धं खरं आहे. इको मोडमुळे इंजिन काही बदलत नाही, ते तुमच्या उजव्या पायाचं ऐकणं तेवढं कमी करतं. एवढं ध्यानात आलं की तो कधी लावायचा आणि कधी काढायचा याची यादी पाठ करावी लागत नाही. पायाचं थोडं कमी ऐकलेलं जिथे चालतं तिथे लावावा, आणि पाय टेकवताक्षणी गाडीने हललं पाहिजे तिथे काढावा.

अण्णांनी नोकरीत असताना एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. त्या गाडीत ॲक्सिलरेटरपासून कार्बोरेटरपर्यंत, म्हणजे इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागापर्यंत, खरीखुरी केबल होती. पाय जितका दाबाल तितकी झडप उघडणार, मध्ये बोलणारं कुणी नाही. आताच्या गाडीत पॅडलला सेन्सर असतो. पाय किती दाबला हे तो कॉम्प्युटरला सांगतो आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. इकोमध्ये हा हिशेब कंजूष होतो. तेवढ्याच दाबाला थ्रॉटल कमी उघडतो. पॅडल थेट तळाला टेकवलं तर बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्या पूर्ण ताकद देतातच, फक्त मधला सगळा पल्ला ताणून ठेवलेला असतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सही या कटात सामील होतो: वरचा गिअर लवकर टाकतो आणि खाली यायला कुरकुरतो. आणि बऱ्याच गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर थोडा जास्त वेळ विश्रांती घेतो. होंडाच्या गाड्यांवरचं हिरवं 'इकॉन' बटण, टाटा नेक्सॉनमधलं इको-सिटी-स्पोर्ट, महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० डिझेलमधलं झिप-झॅप-झूम. नावं वेगवेगळी असली तरी काटकसरीच्या मोडमागचा विचार साधारण हाच.

वरच्या गिअरचा आग्रह का, याला कारण आहे. पेट्रोल इंजिनाला अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढणं महागात पडतं. ३,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर, इंजिन घोंघावत ठेवून जी ताकद काढायची, तीच १,६०० वर थ्रॉटल जरा जास्त उघडून काढली तर घर्षणही कमी होतं आणि हवा ओढण्यात वाया जाणारी मेहनतही. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ताणणं महाग. यातूनच एक गोष्ट निघते, जी इको-भक्तांना पटत नाही: अगदी रेंगाळत, मागच्यांचे हॉर्न ऐकत वेग घेतल्याने पेट्रोल वाचत नाही. बेताने पण ठामपणे वेग घ्यावा, लवकर वरच्या गिअरला जावं आणि मग तो वेग टिकवावा.

अण्णांचा 'हलका पाय' नेमका असाच आहे, आणि तो नुसता पाय नाही, त्यात डोळे जास्त आहेत. एसटीत ॲव्हरेज लिटरवर मोजत नाहीत, दहा लिटरवर मोजतात. केपीटीएल म्हणतात त्याला, किलोमीटर पर टेन लिटर. म्हणजे लिटरला साडेचार जाणाऱ्या बसचा आकडा ४५ होतो, आणि मग ४५ चा ४६ झालेलाही लगेच दिसतो. कुणाचा केपीटीएल किती हे आगारात सगळ्यांना ठाऊक असायचं, असं अण्णा सांगतात. त्यांच्या शेजारी बसून गेलं की कळतं, की ते ब्रेक फार कमी मारतात. पुढे गतिरोधक आहे, वळणावर म्हशी आहेत, सिग्नल आता पिवळा होणार, हे त्यांना आपल्या बरंच आधी दिसतं आणि पाय तिथेच उचलला जातो. प्रत्येक ब्रेक म्हणजे पेट्रोल जाळून कमावलेला वेग चाकांच्या डिस्कवर उष्णता करून उधळणं. हे वाचवणारं बटण साध्या पेट्रोल गाडीत कुठेही नाही. हायब्रिडमध्ये आणि इलेक्ट्रिकमध्ये त्यातलं थोडं बॅटरीत परत येतं, तेही सगळं नव्हे.

मग इको मोड कुणासाठी? शहरासाठी, आणि माझ्यासारख्यांसाठी. कोथरूडहून डेक्कनला सकाळी साडेनऊला निघालं की कर्वे रस्त्यावर गाडी वीस पावलं जाते आणि थांबते. पुढे रिक्षा सरकली की पाय आपोआप दाबला जातो. ती जागा गाठून मिळणार काहीच नसतं, पण पाय दाबला जातो. नॉर्मलमध्ये गाडी तो उतावीळपणा मनावर घेते, झेप घेते आणि पुढच्या क्षणी ब्रेक. इकोमध्ये ती झेपच बोथट होते. इथे पेट्रोल खरंच वाचतं, कारण वाया जाणारा वेग मुळात तयार होत नाही. खड्ड्यांतूनही तसंच. चाक खड्ड्यात आपटलं की पाय पॅडलवर हिंदकळतो आणि गाडी आचके देते. इकोमध्ये ते आचके निम्मे होतात. पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावरही हा मंद पाय चांगला. माझी भाची गाडी शिकली तेव्हा तिला मी इकोमध्येच बसवलं, आणि त्याचा पेट्रोलशी काही संबंध नव्हता.

सिग्नलला उभी असलेली गाडी मात्र कुठल्याही मोडमध्ये सारखीच पीते. इंजिन नुसतं फिरत ठेवलं तर छोट्या-मध्यम पेट्रोल गाडीत तासाला साधारण अर्धा ते एक लिटर जातं. त्यावर इलाज म्हणजे ते बंद करणं. १९७८ साली स्थापन झालेली पीसीआरए, पेट्रोलियम बचतीसाठीची सरकारी संस्था, हे किती तरी वर्षं सांगतेय. ४५ ते ५५ च्या वेगात चालवा, टायरमध्ये हवा नीट ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा. पेट्रोल पंपावरचे ते फलक आपण हवा भरून होईपर्यंत वाचतो आणि विसरतो. नव्या गाड्यांत आपोआप इंजिन बंद-चालू करणारी यंत्रणा असते, आणि मला दिसतं ते असं, की इको लावणारी निम्मी माणसं ती यंत्रणा मात्र त्रासदायक म्हणून बंद करून ठेवतात. आमच्याकडेही तेच चालतं. नाव घेत नाही.

हायवेला लागलं की चित्र बदलतं. सपाट रस्ता, क्रूझ कंट्रोल, स्थिर वेग. इथे इको लावा किंवा काढा, फारसा फरक नाही. ठरावीक वेगाने गाडी पुढे ढकलायला किती ताकद लागणार हे हवा आणि टायर ठरवतात, नॉब ठरवत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. ८० च्या तुलनेत तिथे हवेचा विरोध सव्वादोनपट. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर इको लावून १२० ने जाणाऱ्या माणसाला पेट्रोल वाचवल्याचा आनंद मिळत असेल तर मिळो. शेजारच्या लेनमधून हिरव्या पानाशिवाय ९० ने जाणारा त्याच्यापेक्षा कमी जाळतोय. छतावर रिकामं कॅरिअर असेल तर आणखीच. अण्णांनी आमचं कॅरिअर एकदा स्वतः पाना घेऊन काढलं होतं. "वाऱ्याला कशाला धरून ठेवलाय?"

खंबाटकीचा चढ आला की मी इको काढते. चढावर गिअरबॉक्सला वरचा गिअर हवा असतो आणि गाडीला खालचा. इंजिन दमायला लागतं, वेग पडतो, मी पाय दाबते, गिअरबॉक्स नाइलाजाने एक गिअर खाली येतो, जरा बरं वाटलं की घाईने पुन्हा वर जातो, आणि हा खेळ घाटमाथ्यापर्यंत चालतो. एएमटी गाडीत, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचे गिअर यंत्रच बदलतं अशा गाडीत, तर प्रत्येक बदलाला मान पुढे-मागे होते. पेट्रोल वाचत नाहीच, कारण चढायला लागणारी ताकद तेवढीच लागते आणि ती शेवटी पाय जास्त दाबूनच काढावी लागते. गाडीत पाच माणसं, डिकीत तांदळाचं पोतं आणि गुळाची ढेप असेल तर नॉर्मलच बरा. स्पोर्ट लावायची गरज नाही. तो मोड मला घाटापेक्षा भाच्यांच्या आग्रहाखातर जास्त लागला आहे.

ओव्हरटेकचं तर विचारूच नका. चौपदरी हायवेवर ठीक आहे, पण कोल्हापूर सोडून गारगोटीच्या रस्त्याला लागलं आणि बिद्री कारखान्याचा गळीत हंगाम चालू असेल, तर पुढे ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांबाहेर दोन्हीकडे लोंबणारा ऊस, आणि ट्रॅक्टरवर लावलेली गाणी इतक्या आवाजात की तुमचा हॉर्न त्याच्या कानापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नाही. मागे लाल दिवा असेलच असं नाही. समोरून मोकळा रस्ता काही सेकंदांचाच मिळतो. त्या सेकंदांत पाय दाबल्यावर गाडीने लगेच निघायला हवं. इकोमध्ये ती हाक मारल्यावर "आलोच" म्हणून जागचं न हलणाऱ्या पोरासारखी वागते. थ्रॉटल उघडायला वेळ, गिअर खाली यायला वेळ, आणि तेवढ्यात समोर एसटी. मी सांगते, दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करायचा विचार जरी असला तरी आधी इको काढावा, मग विचार करावा. सर्व्हिस रोडवरून धावत्या हायवेला मिसळतानाही तेच. एका ओव्हरटेकला जे चमचाभर पेट्रोल जास्त जाईल, ते जाऊ द्यावं.

उताराची गोष्ट सगळ्यात जास्त गैरसमजांची आहे. राधानगरी, दाजीपूर करून फोंडा घाट कोकणात उतरतो. या उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की फुकटात जाते, असं मानणारे अजून भरपूर आहेत. कार्बोरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं, कारण गिअरमध्ये ठेवून पाय काढला तरी कार्बोरेटर पेट्रोल सोडतच असे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत, जिथे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, उलट आहे. गाडी गिअरमध्ये आहे, पाय पॅडलवरून काढलाय आणि चाकंच इंजिनाला फिरवतायत, हे कॉम्प्युटरला कळलं की तो पेट्रोल पूर्ण बंद करतो. मीटरवरचा त्या क्षणाचा ॲव्हरेजचा आकडा वरच्या टोकाला जाऊन बसतो. न्यूट्रल केलंत की इंजिन स्वतःच्या जिवावर चालू ठेवावं लागतं आणि त्यासाठी पेट्रोल लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये गाडी जास्त पीते आणि वर इंजिनाचा ब्रेकही जातो. सगळा भार चाकांच्या ब्रेकवर. ते तापतात, आणि फार तापले की पाय दाबूनही धरत नाहीत. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदत काही दाबांनंतर संपते आणि स्टिअरिंग जड होतं.

अण्णा बाकी बाबतीत तेलाच्या थेंबाथेंबाचा हिशेब करणारे, पण इथे एकदम कडक. "घाटात गाडी गिअरातच. ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतर." पुण्यात नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा जो लांब उतार आहे, तिथे पोलीस अवजड गाड्यांच्या चालकांना न्यूट्रल करू नका म्हणून सांगून थकलेत. त्या उताराने किती जीव घेतले ते पुणेकरांना सांगायला नको. काही लिटर डिझेलसाठी.

इथेच इको मोडचा एक कमी माहीत असलेला कोपरा आहे. काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय बनावटीच्या डीसीटी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्यांत, इको लावला आणि पाय काढला की गिअरबॉक्स इंजिन आपोआप सुटं करतो आणि गाडी वाहत राहते. सपाट हायवेवर याचा फायदा होतो, कारण वेग टिकतो. लांब उतारावर मात्र म्हणजे गाडीने तुम्हाला न विचारता न्यूट्रल केल्यासारखंच आहे. बऱ्याच गाड्यांत तीव्र उतार ओळखून ती हे थांबवते, तरी घाटाच्या तोंडाशी इको काढून खालचा गिअर स्वतः लावणं उत्तम. तुमच्या गाडीत हे आहे की नाही ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तेच मॅन्युअल जे प्लॅस्टिकच्या पिशवीत ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे.

एसीविषयी थोडक्यात. शहरात हिवाळ्यात तो थोडा कमी चालला तर कळतही नाही. मे महिन्यात विदर्भात, दुपारभर उन्हात उभी असलेली गाडी थंड करायची असेल तर आधी नॉर्मल, गारवा आला की मग इको. आणि जुलैत घाटात धुकं, पाऊस आणि गाडीत पाच जणांचे श्वास असताना पुढची काच आतून पांढरी होते. ती साफ करायला कोरडी हवा लागते, आणि हवा कोरडी करतो तो कॉम्प्रेसरच. तेव्हा त्याला विश्रांती देऊ नये. काचेवरचं धुकं घालवायचं बटण दाबलं की बऱ्याच गाड्या एसी आपणहून लावतात, तरी मी नॉबही फिरवते.

आता पैशांचं. समजा गाडी महिन्याला १,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १४ देते. म्हणजे साधारण ७१ लिटर. शहरातल्या धसमुसळ्या पायाला इकोने ५ टक्के लगाम घातला असं धरलं तर साडेतीन लिटर वाचले, म्हणजे लिटरला १०५ रुपये धरून पावणेचारशेच्या आत-बाहेर. वाईट नाही. पण ज्याचा पाय आधीच अण्णांसारखा आहे त्याचे हे ३७० रुपये कधीच वाचून झालेले असतात, त्याला पान काही देत नाही.

शोरूममध्ये सांगितलेल्या आकड्याशी मात्र यातल्या कशाचीच तुलना करू नये. तो आकडा एआरएआयचा, म्हणजे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा. आमच्या कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर ही संस्था आहे, रोज फिरायला जाणाऱ्यांना तिचं कुंपण ओळखीचं. तिथे गाडी रस्त्यावर धावत नाही, रोलरवर धावते. आखून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे, जास्तीत जास्त ९० पर्यंत, एसी बंद. कर्वे रस्ता त्या आलेखात नाही. शिवाय आता टाकीत जातं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलला जुळवून घेतलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला आहे. म्हणजे नवऱ्याने पान लावून शहरात जे मिळवलं ते पंपावर आधीच गेलेलं. उसाच्या ट्रॉलीमागे रखडत आपण जे जाळतो त्यातलं थोडं त्याच उसातून आलेलं असतं, हे अण्णांना फार आवडतं. शेती सासऱ्यांची आहे, माझं काय.

इलेक्ट्रिक गाडीत हा सगळा हिशेब जरा सरळ होतो. तिथे इकोमध्ये ताकदीलाच मर्यादा येते, एसी आखडता घेतला जातो, आणि पुढचं चार्जिंग स्टेशन लांब असेल तर त्या हिरव्या पानाला खरी किंमत येते. गेल्या उन्हाळ्यात अण्णा कोल्हापूरहून पुण्याला एसटीच्या ई-शिवाई या इलेक्ट्रिक बसने आले. चालकाच्या मागचीच सीट हट्टाने घेतली होती. पेठ नाका यायच्या आत त्यांनी त्याला विचारलं, "युनिटला किती देती?" त्याने आकडा सांगितला आणि वर म्हणाला, "काका, एसी बंद करू दिला असता तर अजून वाढवून दाखवला असता." अण्णांनी त्याला साताऱ्याला चहा पाजला, आणि घरी आल्यावर दोन दिवस नवऱ्याला तोच आकडा ऐकवत होते.